लाल बटणाचं पान

बाईंनी तीस वर्षं तंत्रशाळेत लेथ शिकवला. केसाएवढी चूकसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटायची नाही, म्हणून मुलं त्यांना पाठीमागे ‘मायक्रोमीटर बाई’ म्हणत. हे नाव आपल्याला ठाऊक आहे, याचा बाईंनी कधी थांगपत्ता लागू दिला नाही. निवृत्त झाल्यावर त्या घरात फार वेळ बसल्याच नाहीत. घरामागे धाकट्या दिराचं वर्कशॉप होतं; सकाळचा चहा झाला की त्यांचे पाय आपोआप तिकडे वळत.

दिराकडे लोखंड कापायचं एक जुनं मिलिंग मशीन होतं. धूड भक्कम, पण त्याला चालवणारा कंट्रोलरचा डबा मेला होता आणि तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. मग दिराने एक फुकट सॉफ्टवेअर शोधून काढलं. जगभरच्या हौशी आणि जाणत्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कोणीही घ्यावं, कोणीही सुधारावं असं. साध्या कॉम्प्युटरवर ते चढवलं, तारा जोडल्या आणि मशीन पुन्हा हलायला लागलं. तिसऱ्या दिवशी त्याचं सरकतं टेबल डावीकडे जायचं ते उजवीकडे गेलं आणि कटर लोखंड धरून ठेवणाऱ्या शिकंज्यावर आदळून त्याचे दोन तुकडे झाले.

दिराने सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. बाईंनी मात्र एवढंच विचारलं, की तुम्ही वाचलं काय होतं? त्याने दाखवलं. एकाच गोष्टीवर तीन पानं होती आणि तीन पानांची तीन तोंडं होती. पहिलं पान सहा वर्षांपूर्वीचं, दुसरं अर्धवट, आणि तिसऱ्यात लिहिलं होतं की पुढचं सोपं आहे, तुमचं तुम्हाला कळेल.

त्या दुपारी बाईंनी त्या सॉफ्टवेअरच्या इंटरनेटवरच्या चर्चागटावर दीड पानी तक्रार लिहिली. सॉफ्टवेअरचा मुख्य कारागीर एक अबोल प्रोग्रामर होता. त्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: तुमचं सगळं खरं आहे, मॅन्युअलकडे बघायला कोणी नाही, तुम्ही बघाल का?

“वहिनी, खाजवून खरूज काढलीत,” दीर म्हणाला.

बाईंनी तोवर होकार कळवूनही टाकला होता.

मॅन्युअलची एकूण दोनशे बारा पानं निघाली. एक ना धड, भाराभर चिंध्या. बाईंनी प्रत्येक पानाच्या नावाची चिठ्ठी केली आणि वर्कशॉपच्या लांब भिंतीवर त्या सगळ्या चिकटवल्या. नवखा माणूस ज्या क्रमाने अडखळतो, त्या क्रमाने त्या लावल्या. क्रम ठरवायला त्यांना आठवडा लागला, कारण दर दोन दिवसांनी दिराला नवीन ठेच आठवे. मग त्यांनी स्वयंसेवकांना बोलावलं. चौतीस जण आले. त्यात पाट्या कोरणारा होता, दातांच्या कवळ्या करणारी होती, वाद्यं बनवणारे दोघे भाऊ होते. दर रविवारी दुपारी कॉम्प्युटरवर सगळ्यांची बैठक भरू लागली. पहिल्या बैठकीत सगळे एकदम बोलले. दुसऱ्या बैठकीपासून बाईंनी वर्गात बोलायच्या तसं हळू आवाजात बोलायला सुरुवात केली, आणि ऐकू यावं म्हणून बाकीचे गप्प बसू लागले.

नियम त्यांनी कमीच केले. जे स्वतःच्या हातांनी केलं नाही ते लिहायचं नाही. प्रत्येक पानाखाली ते कोणी, कोणत्या मशीनवर करून पाहिलं हे लिहायचं. ‘सोपं आहे’ हे शब्द दिसले की पान परत. एकाने कुरकुर केली, की आम्ही फुकट काम करतो, वर ही शाळा कशाला? बाईंनी त्याचंच पान दिराला देऊन त्याप्रमाणे मोटर जोडायला लावली आणि ती उलटी फिरताना काढलेली चित्रफीत त्याला पाठवली. त्यानंतर तो गडी सगळ्यात नेटकी पानं लिहू लागला.

चार महिन्यांत निम्मी भिंत झाली. आता परीक्षा घ्यायची होती, आणि त्यासाठी बाईंना असं माणूस हवं होतं ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी नणंदेला बोलावलं. नणंदेचं शिवणकाम होतं, दुकान होतं, आणि लोखंड कापायच्या मशीनकडे तिने आजवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं. कटर काढून ठेवलेला होता. नणंदेने एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि लिहिलंय तेवढंच करायचं. बाई आणि दीर हाताची घडी घालून बघणार.

नणंद झकास पुढे गेली. आणीबाणीच्या लाल बटणाच्या पानाशी मात्र थांबली. बटण दाबलं की दोन तारा जुळतात, कॉम्प्युटरला इशारा जातो आणि मशीन थांबतं, असं त्या पानावर सुबक आकृतीसकट लिहिलं होतं. दिराने बटण तसंच जोडलेलं होतं. तिने दाबलं, मशीन थांबलं.

“वहिनी, ही तारच तुटली तर?” ती म्हणाली. “माझ्या शिलाई मशीनच्या पायपट्टीची वायर मागे आतल्या आत तुटली होती. बाहेरून कळलं नव्हतं.”

हातच्या कांकणाला आरसा कशाला. बाईंनी एक तार सोडवली, टेबल चालू केलं आणि बटण दाबलं. टेबल आपल्या गतीने सरकत राहिलं. त्यांनी पुन्हा दाबलं. शेवटी दिराने भिंतीवरचा मुख्य स्विच पाडला.

खरं तर जोडणी नेमकी उलटी हवी. तारेतून वीज सतत वाहत राहावी आणि बटणाने ती तोडावी. म्हणजे तार आपोआप तुटली तरी मशीन थांबतंच. हे बाईंना झोपेतही माहीत होतं. ते पान त्यांनी तीनदा वाचलं होतं आणि आकृती इतकी देखणी होती की तीनदा पुढे गेल्या होत्या. याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला, आणि तो स्वतःवरच होता.

पान घड्याळवाल्या काकांचं होतं. काका म्हणजे चर्चागटाचं दैवत. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेले, चौऱ्याहत्तर वर्षांचे, नवख्याचा दहावा प्रश्नही पहिल्यासारखा ऐकणारे. ते पान सात वर्षं जुनं होतं आणि शेकडो लोकांनी वापरलं होतं.

प्रोग्रामरचं म्हणणं पडलं, की पान गुपचूप बदलावं. झाकली मूठ राहील, म्हाताऱ्या माणसाचा मानही राहील. बाईंनी त्याला कळवलं, की पान बदलल्याने लोकांच्या घरातल्या तारा बदलत नाहीत. सगळ्यांना सांगावंच लागेल. पण गटाला सांगायच्या आधी काकांना मी स्वतः सांगेन.

सकाळी अकराला त्यांनी फोन लावला आणि आडवळण न घेता सगळं सांगितलं. पलीकडे घड्याळांची टिकटिक चालली होती.

“माझा लेथ एवढासा आहे, बाई,” काका म्हणाले. “मी सरळ प्लग उपटतो. असं बटण मी कधी जोडलंच नाही. कोणीतरी कच्चं चित्र पाठवलं होतं, मी ते नीट काढून दिलं. माझं नाव काढून टाका. सगळ्याच पानांवरून.”

“नाव काढणार नाही, काका. तुमची बेचाळीस पानं आम्ही मशीनवर करून पाहिली आहेत, ती बरोबर आहेत. हे एक चुकलं आहे. सूचना मी लिहिली तर निम्मे लोक वाचणार नाहीत. तुम्ही लिहिलीत तर सगळे वाचतील. नवीन आकृती मी काढते. पण हे उद्यावर टाकता येणार नाही. पाचपर्यंत तुमची सूचना आली नाही, तर मी माझी टाकेन.”

त्यांनी फोन ठेवला, तेव्हा दीर दारात उभा होता. जरा कडक झालं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. बाईंनाही तसंच वाटत होतं, तरी त्यांनी आपली सूचना लिहून तयार ठेवली आणि दुपारभर त्या नवीन आकृती काढत बसल्या. दोनदा त्यांनी फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला.

साडेचारला गटावर काकांचं पत्र आलं. सबबी नव्हत्या. लाल बटणाचं माझं पान चुकीचं आहे. मी ते करून न पाहता लिहिलं. आजच मशीन बंद करून एक तार सोडवा, मशीन पुन्हा चालू करा आणि बटणाने ते थांबतं का तपासा. चालू होऊन थांबत नसेल तर बाई आकृती पाठवत आहेत, तशी जोडणी करा. एवढंच. बाईंनी आपली सूचना पुसून टाकली आणि आकृती पाठवली.

काका तिथे थांबले नाहीत. सात वर्षांची जुनी पत्रं उपसून, ज्यांना ज्यांना त्यांनी ते पान दाखवलं होतं अशी त्रेसष्ट माणसं त्यांनी शोधली आणि प्रत्येकाला वेगळं लिहिलं. उत्तरं येऊ लागली. बहुतेकांनी जोडणी बदलली. काहींनी आभार मानले, एकाने चार खडे बोल सुनावले आणि काकांनी ते मान खाली घालून घेतले. नवव्या दिवशी लाकडावर नक्षी कोरणाऱ्या एका सुताराचं उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं, की तार सोडवायची गरजच पडली नाही. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. कपाटामागे उंदराने तार केव्हाची कुरतडलेली होती. त्या मशीनवर रोज त्याची बायको काम करते.

बाईंनी ते पत्र रविवारच्या बैठकीत वाचून दाखवलं. मग कवळ्या करणारीने विचारलं, की मोटरच्या तारांचं पान पुन्हा तपासायला कोण घेतंय? काकांनी हात वर केला. मात्र या वेळी मोठं मशीन हवं, म्हणून दोन दिवस शेजारच्या गॅरेजमध्ये जाऊन बसेन, असं त्यांनी सांगून टाकलं.

पावणेदोनशे पानांवर मॅन्युअल आटोपलं. लाल बटणाच्या पानाखाली काकांचं नाव राहिलं, आणि तपासणारी म्हणून नणंदेचं आलं, पुढे ‘शिवणकाम’ असा धंदाही. तिने ते पान छापून दुकानात कापडं मापायच्या टेबलावर काचेखाली ठेवलं आणि गिऱ्हाइकांना, विचारलं नाही तरी, समजावून सांगू लागली.

पुढच्याच आठवड्यात बाईंना काकांचं पत्र आलं. तुमच्या ‘टेबलाची दिशा’ या पानात चौथी पायरी तिसरीच्या आधी हवी, नाहीतर नवखा माणूस गोंधळेल. बाईंनी ते दोनदा वाचलं. आपण तीस वर्षं काय शिकवलं, असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्या उठल्या, वर्कशॉपमध्ये गेल्या आणि दोन्ही क्रमांनी मशीन चालवून पाहिलं.

काका बरोबर होते. बाईंनी पायऱ्या बदलल्या, खाली त्यांचं नाव घातलं आणि दिराला हाक मारून पुढचं पान करायला घेतलं.