शिंपला ओळखायची खूण

प्रेमा आणि मीरा अंधेरीच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होत्या. विषय भूगर्भशास्त्र. वर्गात मुली मोजक्याच, त्यामुळे पहिल्या वर्षापासून दोघी एकाच बाकावर. प्रेमा दिंडोशीच्या कॉलनीत राहायची. तिचे वडील लवू सावंत संप होईपर्यंत गिरणीत होते, आता एका कारखान्यावर रखवालदारी करत. मीरा बोरीवलीची. तिचे वडील भाऊराव पोस्टात होते.

त्या डिसेंबरात कच्छची टूर ठरली. जीवाश्म कसा बनतो, हे प्रेमा सरांपेक्षा सोपं करून सांगायची. प्राणी मरतो, मऊ भाग कुजतो, कवच गाळात गाडलं जातं, वर थरावर थर चढतात. पाण्यातले क्षार मुरून कवचाचा दगड होतो. कधी कवच विरघळूनच जातं आणि मागे नुसता ठसा राहतो. पण हे सगळं तिने पाहिलं होतं ते कॉलेजच्या कपाटात, खोक्यातल्या कापसावर. मुंबईचा दगड पडला लाव्ह्याचा. उपनगरातल्या टेकड्या पालथ्या घातल्या तरी वेटोळ्या कवचाचा एक अमोनाइट मिळायचा नाही.

लवूंनी टूरला साफ नाही म्हटलं. मुलांबरोबर इतके दिवस बाहेर राहायचं, हे त्यांना पटेना. प्रेमा रडली, जेवली नाही, पण वडिलांशी वाद घातला नाही. मीराच्या वडिलांनी मात्र परवानगीच्या कागदावर लगेच सही केली. मुलीला सोडायला ते बोरीवली स्टेशनवर गेले आणि तिच्यासाठी नवी टोपी घेऊन गेले. हे मीरानेच परत आल्यावर हसत सांगितलं. ती उन्हाने रापली होती. कच्छशिवाय दुसरं बोलतच नव्हती. ओढ्याच्या काठावर अमोनाइट कसे नुसते पडलेले असतात, बेलेम्नाइट बंदुकीच्या गोळीसारखे कसे दिसतात, वर्गातल्या चंद्रप्रकाशला प्रवाळाचा केवढा तुकडा सापडला. सगळा वर्ग तिच्याभोवती जमायचा. सरही आता शिकवताना विचारायचे, "मीरा, आपण तिथे पाहिलं ना?" प्रेमा वहीत डोकं घालून बसायची. आपल्याला जे पाठ आहे ते हिने हातात धरलंय, हे तिला सहन होईना.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेआधी मीरा तिच्याकडे समजून घ्यायला आली. ट्रायलोबाइट, गोगलगाई, समुद्री अर्चिन तिला ओळखता यायचे. घोटाळा व्हायचा तो ब्रॅकिओपॉड आणि साध्या दोन झडपांच्या शिंपल्यात. दोन्ही वरवर सारखेच दिसतात. खूण सोपी होती. ब्रॅकिओपॉडची एक झडप मोठी, एक लहान. पण चोचीपासून, म्हणजे दोन्ही झडपा जुळतात तिथल्या टोकापासून, सरळ रेघ मारली तर प्रत्येक झडपेचे दोन सारखे भाग होतात. शिंपल्याच्या दोन्ही झडपा सारख्या, पण प्रत्येक झडप एका अंगाला कललेली.

प्रेमाने हे नेमकं उलटं सांगितलं. शांतपणे, चित्र काढून. मीराने ते उतरवून घेतलं आणि थँक्यू म्हणून गेली.

परीक्षेच्या टेबलावर दोन्ही नमुने होतेच. प्रेमाने उत्तरं बरोबर लिहिली, पण पलीकडे वाकून शिंपला निरखणाऱ्या मीराकडे तिला बघवेना.

बाहेर आल्यावर मीराच धावत तिच्याकडे आली. "ब्रॅकिओपॉडचं बरोबर लिहिलंस ना गं? परवा सांगताना तुझा घोळ झाला होता. कच्छला मी ते हातात घेऊन पाहिले होते, म्हणून घरी गेल्यावर लक्षात आलं. आज सकाळी तुला सांगायला दिंडोशीला आले, तर तू निघून गेलेली."

प्रेमाला हो म्हणून सुटता आलं असतं.

"घोळ नव्हता झाला," ती म्हणाली. "मुद्दाम सांगितलं तसं."

मीराला आधी कळेचना. मग तिने विचारलं, "का?"

"तू गेलीस ना, म्हणून."

"मी गेले यात माझं काय चुकलं?"

एवढं विचारून मीरा एकटीच बसस्टॉपकडे गेली.

त्या संध्याकाळी लवू जेवायला बसले तेव्हा प्रेमा म्हणाली, "बाबा, एम.एस्सी.लाही टूर असते. मी जाणार आहे." लवूंचा आवाज चढला, आई मध्ये पडली, बोलणं दोन-तीन दिवस चाललं. या वेळी प्रेमा मागे हटली नाही. शेवटी ते तयार झाले.

एम.एस्सी.ला दोघी पुन्हा एका वर्गात आल्या. मीरा कामापुरतं बोलायची, बसायची दुसऱ्या बाकावर. टूर तमिळनाडूत अरियलूरला गेली. पहिल्याच सकाळी प्रेमाने हातोडीने दगड फोडला आणि आत फासळ्यांसारख्या रेघा उमटलेला एक अमोनाइट निघाला. तिला हुंदका आला. डोळे पुसून तिने मान वर केली ती मीरा कुठे आहे ते बघायला. मीरा पलीकडच्या उतारावर मुलांशी हसत उभी होती आणि तिच्या ओंजळीत काहीतरी मोठं होतं. आपला अमोनाइट मुठीत धरून प्रेमा तिला काय सापडलंय ते बघायला निघाली.