कपाटापासून खुराड्यापर्यंत

भिंतीतलं फिरतं लाकडी कपाट अजून जागेवर होतं. पण मठाचं आता हॉटेल झालं होतं आणि कपाटात मसाजची पत्रकं ठेवली होती. बेनिताने कडेला हात लावून ते फिरवलं. लाकूड तेच, कुरकुरही तीच.

चोवीस वर्षं ती या कपाटासमोर बाहेरच्या बाजूने उभी राहिली होती. द्यायची वस्तू आत ठेवायची, सांगायचं ते लाकडाला सांगायचं, आणि पलीकडून सिस्टर पेत्राने ते फिरवून घ्यायचं. पेत्राचा चेहरा कधी कुणी पाहिला नाही. तिचा आवाज तेवढा यायचा, आणि लंगड्या पायाच्या काठीची टकटक. बेनिताची मोठी बहीण कासिल्दा एकोणिसाव्या वर्षी या मठात आली, ती पुन्हा बाहेर पडली नाही. वर्षातून दोनदा जाळीआडून भेटायची, एवढंच.

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत आई शेवटच्या घटका मोजत होती आणि सारखं कासिल्दाचं नाव घेत होती. बिशपची परवानगी मिळाली होती. उरला होता तो कासिल्दाचा होकार. धाकटा भाऊ फेर्मिन गाडीत बसून राहिला, बेनिता कपाटाशी गेली. "विचारून येते," पेत्रा म्हणाली. परत येऊन म्हणाली, "सिस्टर इथूनच प्रार्थना करतील."

तिसऱ्या दिवशी आई गेली. त्यानंतर दोघं मठाकडे फिरकली नाहीत. दर नाताळला कासिल्दा बदामाच्या बिस्किटांचा डबा पाठवायची. बेनिता तो न उघडता परत करायची. पंधरा वर्षांनी डब्याऐवजी दोन ओळींचं पत्र आलं. कासिल्दा वारली होती.

"माझी एक सिगारेट संपायच्या आत तिने आईला नाही म्हटलं," हे वाक्य फेर्मिन नाताळच्या प्रत्येक जेवणात म्हणायचा. पोरांनाही ते पाठ झालं होतं.

इतक्या झटकन नाही म्हणणारी कासिल्दा बेनिताला मात्र कधी आठवायची नाही. शेवटच्या चार सिस्टर दुसऱ्या गावी गेल्या, हॉटेल उघडलं, तेव्हा तिने स्वतःला आणि फेर्मिनला खोल्या ठरवल्या त्या एवढ्यासाठीच. कासिल्दा तेव्हा खरंच नाही म्हणाली होती का, हे तिला आतून पाहायचं होतं.

"कोंबड्यांचं खुराडं कुठे होतं?" तिने स्वागतकक्षातल्या मुलीला विचारलं.

"तिथे आता मसाजची खोली आहे, बाई. बागेच्या पार टोकाला. खूप शांत आहे!"

दुपारच्या जेवणानंतर संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत कासिल्दाचं काम कोंबड्यांचं. हे तिनेच जाळीआडून कितीदा सांगितलं होतं. आणि ती दोघं त्या दिवशी आली होती चार वाजता.

बेनिता कपाटापासून निघाली. लांब व्हरांडा, चौक, स्वयंपाकघर, सतरा पायऱ्या, मग भिंतीकडेने बाग. पाच मिनिटं दहा सेकंद. परत यायला तेवढीच. तिने सगळं पुन्हा एकदा केलं. छत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. एकदाच मोजलेल्या आकड्यावर तिने कधी विश्वास ठेवला नव्हता.

फेर्मिन चौकातल्या बाकावर कॉफी पीत बसला होता.

"एका सिगारेटला किती वेळ लागतो?"

"सोडून वीस वर्षं झाली, बाई. आता ओढायला लावतेस की काय?"

"किती?"

"पाच-सहा मिनिटं. का?"

तिने सांगितलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला.

"घंटा वाजवून बोलावलं असेल."

"घंटेची कासिल्दाची खूण दोन लांब ठोके, एक आखूड. भेटायला आलो की गल्लीपर्यंत ऐकू यायची. त्या दिवशी ऐकलीस?"

फेर्मिनने कपातला चमचा उगाच फिरवला. "गाडीची काच खाली होती माझी," तो शेवटी म्हणाला. "नाही ऐकली."

"मीही नाही."

"मग ती जवळच कुठे तरी असेल! कोंबड्यांना काय चिकटून बसतं माणूस?"

"असेल. पण तिनेच नाही म्हटलं असं ठरावं, म्हणून तुला ती जवळ हवी आहे."

"तुझं घड्याळ चुकतं. म्हातारीसारखी चालत गेली असशील." त्याने कोट काढून बाकावर टाकला. "धर वेळ."

सत्तरीचा माणूस कपाटापासून पळत सुटला. अंगावर पांढरे झगे घातलेलं एक जोडपं बाजूला सरकलं. परतला तेव्हा त्याच्या तोंडून शिटीसारखा आवाज येत होता.

"किती?"

"सात मिनिटं वीस. आणि पेत्राच्या हातात काठी होती."

तो बाकावर कोसळला. "म्हणजे त्या थेरडीने खोटं सांगितलं. आपला काय दोष त्यात?"

"घंटा वाजवा, असं मी म्हटलं नाही. तिच्या तोंडून ऐकू द्या, असंही नाही. गाडीत येऊन बसले. तू म्हणालास, 'वाटलंच होतं.'"

"तू पण मान डोलावलीस."

"डोलावली. आणि मग पंधरा डबे परत केले. फेर्मिन, ते का परत येतात, हे तिला कुणी सांगितलं असेल?"

स्वागतकक्षातली मुलगी धावत आली. "साहेब बरे आहेत ना? पाणी आणू?"

"आणा," बेनिता म्हणाली.

मुलगी गेल्यावर तो हळूच म्हणाला, "घरी पोरांना बोलू नकोस हं. त्यांना ठाऊक आहे तेच राहू दे. आता उकरून काय मिळणार?"

"नाताळच्या जेवणात सांगणार आहे."

"काय सांगशील?"

"की कासिल्दाला विचारलंच नव्हतं."

"पेत्राने."

"कुणीच," बेनिता म्हणाली.