आडव्या नळीचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. पाण्याची नव्हे बरं का, क्वार्ट्झच्या काचेची. साधी काच जिथे लोळागोळा होईल, त्या आचेतही मी ताठ राहते. एका कारागिराने ज्योतीवर फिरवून मला घडवलं आणि मी प्रयोगशाळेतल्या भट्टीच्या पोटात आडवी जाऊन पडले. नवी होते तेव्हा माझ्या चकाकीचं कोण कौतुक. पुढे नाव पडलं ‘म्हातारी’.

माझ्यावर काम करायची ती ताई. तिचा दादा औषधांच्या कारखान्यात होता. तिथे ईथर नावाचा द्रव वापरत. त्याच्या वाफेने माणसांचं डोकं गरगरायचं. ही वाफ मोडून तिचं साधं पाणी आणि निरुपद्रवी वायू करील, अशी भुकटी ताईला बनवायची होती. दादा चेष्टेत म्हणायचा, की तुझी भुकटी होईपर्यंत मी रिटायर होतो बघ. पण घरी आला की तो भिंत धरून बसतो, हे ताईने प्रयोगशाळेतल्या तिच्या सरांना सांगताना मी ऐकलं होतं.

ताई पांढऱ्या भुकटीत मँगनीजच्या क्षाराचं पाणी थेंबथेंब मुरवायची, वाळवायची, भाजायची. मग कणाकणावर ऑक्साइडचा काळा, पातळ थर बसे. ती भुकटी माझ्यात भरून, दोन्हीकडून काचेच्या कापसाचे बोळे लावून ती मला तापवी आणि ईथरची वाफ सोडी. दुसऱ्या टोकाच्या यंत्रावर, आलेखात, ईथरचा सुळका तसाच्या तसा उभा; म्हणजे वाफ न मोडताच बाहेर पडलेली.

सर म्हणाले, धातू बदल. तांबं आलं, लोखंड आलं. भुकट्या एकेक करून कचऱ्यात गेल्या, आणि मी आतल्या आत जळत राहिले. कारण मला कळत होतं. तापलं की भुकटी खाली बसायची, माझ्या छताशी फट पडायची आणि वाफ भुकटीला न शिवता वरच्या वर निसटायची. बिचाऱ्या भुकटीचा काय दोष? बाहेर काढताना मात्र ताई सवयीने मला उभं करायची. भुकटी सारखी व्हायची, फट गायब. देवाने मला दोन तोंडं दिली, पण वाचा एकालाही दिली नाही.

एक दिवस गार झाल्यावर मला भट्टीतून काढलं, तोच वहिनीचा फोन आला. दादा कारखान्यात चक्कर येऊन शिडीवरून पडला होता. ताईने मला तसंच आडवं टेबलावर ठेवलं आणि धावली.

दुसऱ्या दिवशी ती आली. दादाचा पाय मोडला होता. ती टेबलावर डोकं टेकून बसली. तिचे डोळे माझ्या पातळीत आले. माझ्या छताशी पडलेली फट तिला दिसली. मग हळूच म्हणाली, “सर, हिला हात लावू नका. इथे वाकून बघा.”

सर वाकले. “अरे देवा. आपणच वाफेला वाट करून देत होतो की.”

मग उभी भट्टी आली, मलाही उभं केलं. कचऱ्यात टाकलेली ती पहिलीच, मँगनीजची भुकटी नव्याने करावी लागली. सुळका खाली बसला. ताईने माझ्या शेजारूनच दादाला फोन लावला. “छान झालं गं,” तो म्हणाला, “माझा पाय मोडायच्या आधी बघितलं असतंस तर अजून छान.” तो हसला. ताईला हसता आलं नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. काम फसलं की लगेच झटकून, पुसून मोकळे होऊ नका. ते जसं आहे तसं थोडं पडू द्या आणि वाकून त्याच्याकडे बघा. आम्हा मुक्यांना तेवढंच बोलता येतं.