मोगुराला काय काम होतं?

रत्नव्वाला जपानी वाचता येतं, हे अख्ख्या कसबा बावड्याला ठाऊक झालं होतं, कारण ते तिनंच सांगितलं होतं. दूधवाल्याला, गिरणीवाल्याला, शेजारच्या झुंबरबाईला तर चार-चारदा. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, म्हणून आधी कन्नड अक्षरं शिकली. लग्नानंतर कोल्हापुरात मराठी शिकली. आता पंचावन्नाव्या वर्षी ही तिसरी बाराखडी. सयाजी सरांच्या क्लासात सगळी इंजिनिअरिंगची पोरं, आणि त्यांच्यात कपाळाला विभूती लावलेली ही एकटी काकू.

"कशाला शिकताय ओ काकू?" पोरं विचारायची.

"टाइमपास!" रत्नव्वा ठणकावायची.

कसला टाइमपास! तिचा मुलगा बसवेश नोकरीसाठी जपानला गेला आणि तिथल्याच केइकोशी लग्न करून मोकळा झाला. आईला कळवलं ते लग्न उरकल्यावर. रत्नव्वा फोनवर कडाडली, "यायचं तर या, न्हाय तर नका येऊ. हितं कुणाचं काय अडलंय?" पोरगंही आईच्याच वळणाचं, आलंच नाही. नात झाली, मिओ. ती पाच वर्षांची झाली तरी रत्नव्वानं तिला फक्त फोटोत बघितलेलं. आता २००६च्या मे महिन्यात ती तिघं पहिल्यांदा येणार होती. मिओला 'अज्जी' ही एक हाक सोडली तर जपानीशिवाय काही येत नव्हतं. पोरगी आली, परक्या बाईकडं बघावं तसं बघून निघून गेली तर? ही धास्ती रत्नव्वाच्या पोटात बसली होती, आणि ती बाहेर काढायला तोंड काही उघडत नव्हतं.

बसवेशनं मिओचं आवडतं चित्रांचं पुस्तक आधीच पाठवून दिलं होतं. लहान पोरांची गोष्ट, म्हणून त्यात अवघड चित्रलिपी नव्हती, सगळी साधी मुळाक्षरंच. रत्नव्वानं ते क्लासात उघडलं, घसा खाकरला आणि श्रावणात पोथी वाचावी तसं खणखणीत सुरात, कुठंही न अडता, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. पोरं गार पडली.

"छान," सर म्हणाले. "काकू, बेडूक कुठं गेला?"

"कंचा बेडूक?"

पोरं खिदळली. रत्नव्वा पुस्तक मिटून उठली ती पुढचा आठवडाभर क्लासाकडं फिरकलीच नाही. घरी नवऱ्याला, बसलिंगाप्पांना म्हणाली, "वाचलं की सगळं! आता बेडूक बी मीच हुडकायचा व्हय?"

"मग काय मी हुडकू?" बसलिंगाप्पा पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

पण गेली परत. सरांनी वेगळी रीत लावली. मोठ्यानं वाचायचं नाही. अडलेला शब्द सोडून पुढं जायचं, चित्र बघायचं, पुढं काय होईल त्याचा अंदाज बांधायचा. पान झालं की पुस्तक मिटायचं आणि काय घडलं ते आपल्या भाषेत कुणाला तरी सांगायचं. रत्नव्वा रोज एक पान बसलिंगाप्पांना सांगू लागली. सांगताना अडली की तिथंच कळायचं, हे आपल्याला कळलेलं नाही.

आणि एका सकाळी, भाकरीचं पीठ मळायच्या आधी सहज पुस्तक उघडलं, तर ते अक्षर-अक्षर जोडून वाचावंच लागलं नाही. 'थंडी पडली' असं पान आपणहून म्हणालं. भर एप्रिलात रत्नव्वाच्या अंगावर सरसरून काटा आला. समुद्रापलीकडच्या कुणा अनोळखी माणसानं कागदावर थंडी ठेवली होती, आणि ती बावड्यात येऊन लागली होती. देवाघरची करणी म्हणावी, दुसरं काय! ती कितीतरी वेळ त्या पानावरून हात फिरवत राहिली.

हळूहळू गोष्ट उलगडली. मोगुरा आणि बेडूक दोस्त. मोगुरा हा जमिनीत बिळं करणारा प्राणी. आपल्या घुशीचा चुलतभाऊ समजा, सर म्हणाले. थंडी पडते, बेडूक बिळाचं दार लावून झोपतो. खार मोगुराला जेवायला बोलावते, तो म्हणतो, मला काम आहे. ससा खेळायला बोलावतो, पुन्हा तेच, मला काम आहे. थंडी सरते, बेडूक दार उघडतो, तर पुढ्यात मोगुरा. म्हणतो, "उठलास होय? मी सहज आलो होतो इकडं." शेवटच्या पानावर एकच ओळ : दारापुढची माती दबून सपाट झाली होती. गोष्ट संपली.

"मोगुराला काय काम होतं?" सरांनी विचारलं.

"त्ये कुठं लिवलंय?"

"तेच वाचायचं असतं, काकू." सरांनी पुढं सांगितलं नाही. रत्नव्वाला राग आला.

मे उजाडला, पाहुणे आले. मिओ केइकोच्या मागं दडली. दुसऱ्या दिवशी रत्नव्वानं मोठ्या उमेदीनं तिला पुस्तक वाचून दाखवायला घेतलं, आणि घात झाला! धांदलीत तोच पोथीचा सूर लागला. मिओनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि पळाली.

"अव्वा, तिला सवय न्हाय गं," बसवेश ओशाळून म्हणाला.

"व्हय, माझीच सवय न्हाय," रत्नव्वा म्हणाली आणि परसात जाऊन बसली.

पुस्तक हातातच होतं. आता कुणाला ऐकवायचं नव्हतं, म्हणून तिनं ते मनातल्या मनात वाचलं. मला काम आहे. मला काम आहे. सहज आलो होतो. माती दबून सपाट.

माती आपोआप कशी दबेल? कुणीतरी तिथं रोज बसल्याशिवाय? अख्खी थंडी हा खोटारडा त्या दारात बसून होता! आणि वर म्हणतो, सहज आलो होतो! लिहिणाऱ्यानं एक अक्षर लिहिलं नव्हतं, तरी सगळं तिथंच होतं. रत्नव्वाच्या डोळ्यांना धार लागली.

पावलं वाजली. मिओ समोर उभी. रडणारी आजी, आणि आजीच्या हातात आपलं पुस्तक.

"नाझे?" तिनं विचारलं. का?

रत्नव्वानं चित्रातल्या त्या मातीवर बोट ठेवलं. जमेल तशा जपानीत, एकेक शब्द शोधत म्हणाली, "मोगुरा... इथं... रोज. मात्तेता." वाट बघत होता.

मिओनं चित्र बघितलं. मग भराभर पानं मागं उलटली. खार, ससा, बंद दार. पुन्हा शेवटच्या पानावर आली आणि तिचे डोळे मोठे झाले. इतकी वर्षं जवळ असलेली गोष्ट तिलाही आत्ता कळली होती. ती खाली बसली, आजीला खेटून. मग मान वर करून तिच्या तोंडाकडं बघू लागली.

"अज्जी मो?" अज्जी पण?

सगळं जपानी रत्नव्वाच्या डोक्यातून उडून गेलं. एक अक्षर सापडेना.

"व्हय की गं बाई!" ती म्हणाली. "मी बी! पाच वर्सं!"

मिओला मराठीतला एक शब्द येत नव्हता. तिनं मान हलवली, आणि मांडीवर चढून बसली.