खड्ड्यात पुरलेला बांध

रावेरच्या काळ्या जमिनीत केळी येते, कापूस येतो, हरभरा येतो. दगड मात्र येत नाही. कुत्र्यावर भिरकावायला एक हवा असला तरी रेल्वे फाटकापर्यंत चालत जावं लागतं. तेविताला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो फिजीचा. त्याच्याकडे दगडांचं कुणी काही मनावर घेत नाही.

तीन वर्षं तो धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शेती शिकत होता आणि तीन वर्षं मित्रांच्या शेतात भरीत खात होता. थंडी पडली की कुणाच्या ना कुणाच्या बांधावर कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली जायची आणि लांबून आला म्हणून सगळ्यात मोठी भाकरी तेविताच्या पुढ्यात पडायची. खाता खाता तो आपल्या गावच्या लोवोबद्दल बोलायचा. जमिनीत खड्डा, खड्ड्यात तापलेले दगड, दगडांवर पानांत बांधलेलं जेवण, त्यावर माती, आणि मग वाट बघायची. हे त्याने इतक्यांदा सांगितलं की शेवटी पिंपळनेरचा समाधान भाकरी चावता चावता म्हणाला, "तेव्या, तू बठ्ठं तोंडमाच शिजाडस. एकदाव खड्डा ते खन."

खड्ड्याला जागा वर्गातल्या पियुषने दिली. म्हणजे त्याच्या आजोबांनी, तोताराम आबांनी दिली, रावेरजवळच्या केळीच्या शेतात. आबा माळकरी, त्यामुळे मांसमच्छी नाही. सुरण, रताळी, अरवी, खोबऱ्याच्या दुधातली भाजी, आणि पियुषची चुलत बहीण कामिनी हट्टाला पेटली म्हणून भरताची वांगी. लोवोत डुक्कर नाही आणि कोंबडीसुद्धा नाही हे तेविताच्या आईला फोनवर कळलं, तेव्हा ती कॉलेजात कुणी वारलं का म्हणून विचारू लागली.

आबांचा जीव या जेवणात वेगळ्याच कारणाने अडकला होता. शेजारच्या शेताचे रतिलाल नाना आणि आबा यांच्यात बांधावरून वर्षानुवर्षं वाद चालला होता. सरकारी मोजणी झाली, पंचांदेखत बांधावर हद्दीचा दगड रोवला गेला, वाद कागदावर मिटला. बोलणं मात्र सुरू झालं नाही. नाना घरी जेवायला आले नसते. पण एक परदेशी पोरगा जमिनीत स्वयंपाक पुरणार म्हटल्यावर ते बघायला तरी येतील, असा आबांचा हिशेब होता, आणि नानांनी हो म्हणून निरोपही पाठवला होता. आदल्या दिवशी आबांनी तेविताला विहिरीपाशी बाजूला घेतलं.

"माह्या बांधावर तो जेवला का मिटलं समज," ते म्हणाले. "तेवढं बिघडू नको देऊ बा."

तेविताने मान डोलावली. रात्रभर तो सुरणाचाच विचार करत होता. अर्धकच्चं सुरण घशाला खाजवतं, आणि नानांचा घसा खाजवला तर नाना कोर्टात जातील असं त्याला पक्कं वाटत होतं.

दगड समाधानने टेम्पोत घालून पिंपळनेरहून आणले होते. बाभळीचा जाळ चांगला पेटला आणि त्यातले दोन दगड फटाक्यासारखे फुटले. उरलेल्या दगडांच्या उष्णतेवर सुरण शिजणार नाही हे तेविताला लगेच दिसलं. तो शेतभर दगड शोधत फिरला. बांधावर त्याला एकच सापडला, पण काय दगड होता! काळाभोर, कोरडा, वजनदार, कुठे चीर नाही. त्याच्या आजोबांनी असा दगड बघून देवाचे आभार मानले असते. तेविताने तो उपसला आणि जाळात टाकला. निखारे बाजूला ओढून, दगडांवर केळीची पानं, पानांवर जेवण, वर आणखी पानं, ओली गोणपाटं आणि माती घालून खड्डा बंद झाला, तेव्हा त्याला आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

पियुष सतरंजी टाकायला बांधाकडे गेला होता. तो परतला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"तथला दगड कुठी?"

तेविताने खड्ड्याकडे बोट दाखवलं. पियुष होता तिथेच मातीत बसला.

सगळा प्रकार तेविताला समजावून सांगायला दोन वाक्यं पुरली. कामिनी म्हणाली, आत्ताच्या आत्ता उकर. तेविताने सुरणाचं सांगितलं. कामिनीने एकदा खड्ड्याकडे बघितलं, एकदा नानांच्या शेताकडे, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून समाधानकडे बघितलं. त्याची अंगलट साधारण त्या कामाची होती. त्याला बांधावरच्या भोकावर बसवलं आणि वरून घोंगडी पांघरली.

नाना वेळेआधी आले, आणि बांधावरूनच आले, कारण दगडापर्यंत एक फेरी हा त्यांचा रोजचा नेम होता. आबा उठून पुढे झाले, या म्हणाले. नाना सतरंजीकडे वळले नाहीत. घोंगडीतल्या समाधानपाशी थांबून त्यांनी, हा बसायचा दगड नाही, ऊठ, असं शांतपणे सांगितलं. समाधान म्हणाला, पायाला मुंग्या आल्यात. नाना म्हणाले, उतरू दे, मी थांबतो. आणि ते थांबले. आबा थांबले. पियुष आणि कामिनी थांबले. खड्ड्यावरच्या मातीतून वाफेची बारीक रेघ निघत होती, आणि ती नानांना दिसू नये म्हणून तेविता तिच्यापुढे उभा होता. पाठ भाजत होती तरी हलला नाही.

शेवटी नानांनी घोंगडी उचलली. समाधान घोंगडीबरोबर थोडा उठला, आणि तेवढं पुरलं.

"तोताराम," नाना म्हणाले, "जेवायला बोलावून बांध काढला?"

आबांनी ते भोक तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. नानांनी खिशातून फोन काढला. त्यांचा मुलगा जितेंद्र ट्रॅक्टर घेऊन येणार आणि सोबत पंच आणणार, हे सगळ्यांना कळलं. तेविता पुढे झाला. मीच काढला, म्हणाला, आबांना माहीत नव्हतं, आणि वाफाळत्या मातीकडे बोट केलं.

नानांनी वाकून त्या मातीकडे बघितलं. "बांध शिजून राह्यला?"

आता प्रश्न उरला जागेचा. भोक बादलीएवढं रुंद झालं होतं. आबांनी नानांच्या बाजूची कड दाखवली, नानांनी आबांच्या बाजूची. मध्ये हातभर जमीन, आणि त्या हातभर जमिनीवर दोघांचे आवाज चढत गेले. मोजणीवाल्याचं नाव निघालं. वकिलाचं निघालं. मग दोघेही एकदम तेविताकडे वळले.

"तू काढला," नाना म्हणाले. "तूच सांग. कुठी होता?"

पियुष त्याच्याकडे बघत होता. या घरचं त्याने तीन वर्षं खाल्लं होतं. आबांनी दाखवलेलीच कड दाखवली असती तर कुणी त्याला खोटं ठरवलं नसतं. पण त्याला कुठलीच कड आठवत नव्हती. आठवत होतं ते एवढंच, की वर्षानुवर्षं रुतलेला दगड गवताच्या मुळांनी धरून ठेवलेला असतो, तो उपटायला घाम काढावा लागतो.

"दगड लगेच निंघी उना," तो धुळ्यात शिकलेल्या बोलीत म्हणाला. "खालनी माटी भुसभुशीत. रोज कोनी हालावस तशी."

नानांनी फोन खिशात ठेवला. आबांनी टोपी काढली, आतून बघितली आणि पुन्हा घातली.

"रोज कोण हलवतं, आबा?" कामिनीने विचारलं.

"उंदीर," आबा म्हणाले.

"घुशी," नाना म्हणाले. "यंदा लई झाल्यात."

आबांनी ते लगेच मान्य केलं.

यानंतर खड्डा उघडला. सुरण लोण्यासारखं शिजलं होतं, वांग्यांची सालं हात लावताच सुटत होती. नाना सतरंजीवर बसले, आबांच्या बाजूला, आणि घशाला काही झालं नाही. जेवणाआधी तेविताने फावड्याने दगड उचलून नेला आणि कुणाला न विचारता भोकाच्या अगदी मध्ये ठेवला. भोवतीचं गवत करपलं. दोन्ही म्हातारे बघत होते, पण तापलेल्या दगडाला हात कोण लावणार?

हात धुऊन नाना निघाले ते बांधाकडेच. वाकून त्यांनी दगडाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. पलीकडे आबा आधीच उकिडवे बसलेले होते, बोट तोंडात घालून.

"तापेल आहे अजून," आबा म्हणाले.

"सकाळपर्यंत तापेल राहीन."

"राहीन."

"मग बसतो थोडा," नाना म्हणाले, आणि आबांनी त्यांच्यासाठी घोंगडी पसरली.