स्वतंत्र विचाराचं नमुना उत्तर

स्वतंत्र विचार करता आल्याशिवाय दहावीचा दाखला मिळणार नाही, असा फतवा मुख्याध्यापकांनी काढला आणि तपासणाऱ्यांची दमछाक नको म्हणून नमुना उत्तरही वाटलं. वर्गाने ते घोकलं. एकाच मुलीने मनाचं लिहिलं.

विज्ञानाच्या बाईंनी तिला पैकीच्या पैकी दिले. मुख्याध्यापकांनी ते खोडले.

"बाई, हे नमुन्यात कुठंय?"

"नाहीये, सर. तिने विचार केलाय."

"मग नमुना वाचून करायचा ना! उगाच का दिलाय?"

या डोक्यापुढे हात टेकून बाईंनी मुलीला निकाल सांगितला. डोळे पुसत ती म्हणाली, "पुढच्या वेळी विचार नाही करणार, बाई."

दारातून डोकावणारे मुख्याध्यापक खूश झाले. "बघा, आली की नाही वळणावर?"