दोन डाव्या बाह्या

पोट आत ओढून उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाचं माप कधी घ्यायचं नाही, हे मी सव्वीस वर्षांच्या शिवणकामात शिकले. कमरेला टेप लागली की भलेभले श्वास धरतात. तेवढ्यापुरते बारीक! मग पँट घरी नेतात, जेवायला बसतात, बटण उडतं आणि बोंब माझ्या नावाने. म्हणून मी टेप लावते, पण आकडा लिहीत नाही. विचारते, "हे बूट कुठून घेतले हो?" माणूस बोलायला लागला की पोट आपोआप सुटतं. आकडा तेव्हा घ्यायचा.

तर चार-पाच महिन्यांपासून मला काहीतरी झालं होतं. का झालं ते विचारू नका. कारण सापडलं असतं तर मीच उसवून काढलं असतं. सकाळी डोळे उघडले की वाटायचं, आला मेला परत दिवस. केस विंचरायचे म्हणजे डोंगर चढायचा. नवरा म्हणाला, "जरा फिरून येत जा, बरं वाटेल." फिरून आले. पाय तेवढे दुखले. दुकानात बसून मी नुसत्या पँटी खालून दुमडायची, चेन बदलायची. कापायचं काम आलं की उद्यावर ढकलायची.

त्यात आमच्या नणंदबाई. काज-बटणं तीच करते, हात सोन्याचा आहे, पण डोकं खाते. महिनाभरात तीनदा माझी मोठी कात्री धार लावायला म्हणून पिशवीत घालून घेऊन गेली. परत आणलेली कात्री मी कापडावर चालवून बघायची, तर धार होती तशीच!

"तुला तो धारवाला उल्लू बनवतोय," मी ओरडायची. "डोळे कुठे असतात तुझे?"

"चुकलं, वहिनी," एवढंच म्हणायची. एरवी एकाला दोन ऐकवणारी बाई!

मग तो कोट आला. निवृत्त मास्तरांचा, करड्या रंगाचा, नातीच्या लग्नासाठी. आता टाळता येईना. मी कापड पसरलं, खडूने आखलं, कापलं. नणंद बाह्या जोडायला बसली आणि थांबली. दोन्ही बाह्या तिने टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही डाव्या. शिकाऊ मुलीसुद्धा पहिल्या महिन्यानंतर हे करत नाहीत. मी खाली फरशीवर बसले आणि हमसून हमसून रडले. तिने शटर अर्धं ओढलं, माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "मंगळवारी अकराची वेळ घेतलीय. मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे. भांडायचं तर नंतर भांड."

मी काय वेडी आहे का, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण टेबलावर त्या दोन बाह्या होत्या.

मंगळवारी नणंद बाहेर बाकावर बसली, मी आत. खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल, एक कुंडी, एक भिंतीवरचं घड्याळ. बाई माझ्याहून लहान. ब्लाउजचा खांदा अर्धा इंच उतरलेला, ते मला आधी दिसलं. तिने एक कागद दिला. झोपेची तक्रार आहे का, भूक मेलीय का, कशात मन लागेनासं झालंय का. पुढे खुणा करायच्या, 'अजिबात नाही'पासून 'रोजच'पर्यंत. शेवटचा प्रश्न, जगू नये असं वाटतं का.

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी सगळीकडे 'अजिबात नाही'वर खूण केली आणि पेन टोपण लावून परत दिलं.

तिने कागद वाचला. "यावरून तर तुम्ही अगदी ठीक दिसताय. मग आज इथे कशा आलात?"

"नणंदेने आणलं."

"आणि त्यांना का आणावंसं वाटलं?"

"एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या मी."

ती हसली नाही. "मला शिवणातलं काही कळत नाही. दोन्ही डाव्या कशा होतात?"

आता हे कुणी विचारलं की मला गप्प बसवत नाही. मी सांगितलं, कापडाला सुलट बाजू असते, उलट बाजू असते. एक बाही कापली की दुसरीसाठी बाहीचा कागद उलटा करून ठेवायचा. बस, एवढंच. कागद उलटायचा. "आणि खरं सांगू? मला दिसलं होतं. कात्री घालायच्या आधीच दिसलं होतं की चुकतंय. पण हात पुढे करून तो कागद उलटायचं बळ नव्हतं माझ्यात. कापत गेले. म्हटलं, होऊ दे वाटोळं. कोटाचं, माझं, सगळ्याचंच."

बोलता बोलता माझा श्वास सुटला, इतका मोठा की मलाच ऐकू आला. आणि मी दचकले. अगं बाई, ही तर माझीच युक्ती! बूट कुठून घेतले हो!

"तो कागद परत द्या," मी म्हटलं. "माप चुकलंय. ताकाला जाऊन भांडं लपवत होते मी."

तिने कोरा कागद दिला. झोपेची तक्रार, रोजच. मन न लागणं, रोजच. शेवटच्या प्रश्नापुढेही खरी खूण केली.

तिने सरळ विचारलं, "काही करायचं ठरवलंय का?"

"नाही. पण रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघायचं सोडून दिलंय."

"हे घरात कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. ताकास तूर लागू दिली नाही मी."

"बाहेर बसल्यात त्यांना सांगूया का? तुमची हरकत नसेल तरच."

मी मान डोलावली. नणंद आत आली. खुर्ची नव्हती, म्हणून माझ्या खुर्चीच्या हातावर टेकली. मी खाली बघत सांगितलं, जसं जमेल तसं. तिने पिशवी उघडली आणि फडक्यात गुंडाळलेली माझी कात्री काढून टेबलावर ठेवली.

"धारवाला नाहीच आहे, वहिनी," ती म्हणाली. "मला दुकानाबाहेर जायचं असलं, तू एकटी असलीस, की मी ती बरोबर न्यायची. तुला विचारायची हिंमत नव्हती गं मला."

आणि मी तिला आंधळी म्हटलं होतं. तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडले, परक्या बाईसमोर, लाज न बाळगता.

बाई स्वतः औषधं देत नाहीत, म्हणून त्यांनी एका डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली, औषधाची गरज आहे का ते बघायला. अडीअडचणीला फोन कुठे करायचा ते लिहून दिलं. पुढचा मंगळवार, अकरा वाजता. निघताना नणंदेने कात्री माझ्यापुढे केली, आता काय करायचं अशा नजरेने.

"सध्या तुझ्याकडेच राहू दे," मी म्हटलं. "लागली की मी मागून घेईन."